गुरुपौर्णिमेचा रोजा

एक्क्याऐंशी साली गुरुपौर्णिमा ऐन रमजानात आली, आणि नेमकं तेच शकुनबाईच्या ध्यानात राहिलं नाही. पुरणपोळ्यांचा डबा आणि नारळ घेऊन ती भर दुपारी पवनीतल्या वजीर मास्तरांच्या छपरीत येऊन उभी राहिली.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं. उर्दू शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे नारळ घेऊन कोणी आलं नव्हतं.

"आज गुरूनं खाल्ल्याबिगर मी जेवत नाई, मास्तर. सकाळपासून पाणीबी नाई घेतलं."

"मी काही तुहा गुरू नाई. अन् माहा रोजा हाय."

शकुनबाईनं जीभ चावली. जुन्या सूफींचे उपास तिला तोंडपाठ होते, समोरच्या माणसाचा रोजा मात्र दिसला नाही! अभ्यासू माणसांचं हे असंच असतं.

एम.ए.ला तिनं इस्लामी तत्त्वज्ञान आणि सूफी परंपरेच्या इतिहासाचा पेपर घेतला होता. तो शिकवा म्हटल्यावर गेल्याच आठवड्यात मास्तरांनी हात वर केले होते. "मी पोट्ट्यायले अलिफ-बे शिकवली, बाई. हे माह्यानं नाई होत. नागपूरले कोणी पाय." नागपूरला पाठवायला घरचे तयार नव्हते. मास्तर नाही म्हणाले की पेपर हातचा गेला. त्या दिवशी घरी जाऊन ती खूप रडली होती.

"घरी जाय, जेव," मास्तर आता म्हणाले.

"नाई."

ती तिथंच चटईवर बसली. मास्तर चिडून आत गेले. थोड्या वेळानं चष्मा पुसत पुन्हा बाहेर आले.

"संध्याकाळवरी काय करशीन बसून?"

"वाचन. मले 'फना' नाई समजून राहिला. माणसानं सोताले पुरतं मिटवून टाकाचं. मंग देवाची याद करते कोन?"

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"हे तं मलेबी कधी समजलं नाई," ते म्हणाले आणि समोर बसले. "वाच."

मग दोघं वाचत राहिले. अरबी शब्द मास्तर फोडून सांगत, त्यामागचा विचार ती मांडे, आणि तो मास्तरांना पटत नसे. उपाशी माणसं इतकी भांडू शकतात हे त्या छपरीला नवीन होतं. धानाच्या रोवण्यावरून परतणाऱ्या बाया कुंपणाशी थबकून बघत पुढं गेल्या.

अजान झाली. मास्तरांनी पाण्याचा घोट घेऊन रोजा सोडला. मग डबा उघडून पोळी ताटलीत काढली आणि ताटली तिच्यापुढं सरकवली.

"अगोदर तुमी," ती घाबरून म्हणाली. "गुरूच्या अगोदर मी कशी खाऊ?"

"गुरू म्हणते ना मले?" मास्तर म्हणाले. "मंग गुरूचं आयकाचं. पयले खाय. अन् उद्या लवकर ये."