शिवेवरची स्लाइड

पाणीटंचाईच्या बैठकीला अर्धा तास उरला होता आणि कलेक्टर ऑफिसातली कॉम्प्युटर ऑपरेटर अंबिका साऱ्या तालुक्यांची प्रेझेंटेशनं एका फायलीत जोडत होती. प्रत्येकाच्या शेवटी ‘धन्यवाद’ होतंच. एक ठेवून बाकीची तिनं उडवली. दोन शेजारी तालुके पाठोपाठ लागले, तशा तिनं त्यांच्या याद्या ताडून पाहिल्या. शिवेवरची तिच्या वडिलांची धनगरवस्ती टँकरच्या दोन्ही याद्यांत नव्हती. दोघांनीही ती पलीकडच्या तालुक्यात धरली होती. सकाळीच आबा फोनवर म्हणाले होते, “जायकवाडीचं पाणी आपल्या दारावरून शहराला चाललंय, अन् आपल्याला टँकरबी नाय.” तिनं वस्तीची स्लाइड केली आणि सगळ्या तालुक्यांनंतर डकवली. बैठकीत कलेक्टरसाहेब तिथं थांबले. “पाणी आधी पाठवा, तालुका नंतर ठरवा.” अंबिकेनं बाहेर येऊन फोन लावला. “टँकर येतोय, आबा!” “व्हय? मग कोणत्या तालुक्यात धरलं आपल्याला?” “कोणत्याच तालुक्यात नाही. आपण ‘धन्यवाद’च्या आधी.”