आलाबला

चातीवरचा धागा पुन्हा तुटला. एक हात फिरवायचा तिथं केवळाबाईच्या दोन्ही मुठी एकदमच वळल्या होत्या.

"नुसती डाव्याची नक्कल करायलंय की हे," दारात बसलेला तिचा नवरा रायभान म्हणाला. "मेंढराला शिकवलं असतं तर एव्हाना घोंगडं झालं असतं."

"तुमी गप बसा. लेकराचं तोंड बघा कसं झालंय."

दीपिकानं तोंड फिरवलं.

लकव्यानं केवळाबाईचा उजवा हात नेला होता. खांदा उचलायचा, कोपर वाकायचं, पण मनगटाच्या पुढं नुसतं लाकूड. त्या लाकडासाठी लेकीनं, दीपिकानं, पुण्यात हा यंत्राचा हातमोजा घडवला होता. डाव्या हातात पातळ मोजा घालायचा. उजव्यात पांढऱ्या प्लास्टिकच्या कांड्यांचा, तारांनी ओवलेला, मनगटावर बारक्या मोटारी बसवलेला. डावा जे करील तेच उजव्याकडून करून घ्यायचं. आरशात बघून केल्यासारखं.

प्रयोगशाळेत ते फार देखणं दिसलं होतं. इथं झरीला आल्यावर कळलं, आईचं एकही काम दोन हातांनी सारखं होत नाही. भाकरी एक हात थापतो, दुसरा तिला फिरवतो. लोकर एक हात सोडतो, दुसरा चातीला गिरकी देतो. जन्मभर आईच्या हातांकडं बघत वाढलेली पोर नेमकं हेच विसरली होती.

उद्या पुण्यात मोजा दाखवायचा होता. तो मोजा घातलेल्या माणसानं रोजचं एक तरी काम केलं, एवढं दाखवता आलं तर पुढचं काम चालणार होतं. नाहीतर सगळं बंद. मोजा हा एवढा एकच. सकाळपासून पीठ सांडलं, दाव्याची गाठ सुटली, आता धागाही तुटला. दीपिकानं चित्रण करायला लावलेला मोबाईल बंद करून पिशवीत टाकला.

"काढ माय आता. गाडीची वेळ झाली. न्हाई होत ह्यानं काही."

"थांब की जरा. तशीच जातीस व्हय?"

केवळाबाईनं दोन्ही हात उचलले. लेकीच्या कपाळावर टेकवले. डावा गालावरून उतरला, तसा उजवाही उतरला. डाव्याची बोटं पसरली, तशी उजव्याचीही पसरली. लकवा आल्यापासून लेकीच्या तोंडावरून एकाच हाताची माया फिरत होती. दुसरा गाल उपाशीच राहायचा. आज दोन्ही गाल आईच्या तळव्यांत मावले. रायभान उठून उभा राहिला.

"अगं बाई," केवळाबाई स्वतःशीच म्हणाली. मग डोळे मिटून पुटपुटू लागली, "आल्याची, गेल्याची, एसटीतल्या बायांची, पुण्याच्या सायबाची, समद्यांची नजर निघू दे..."

तिनं दोन्ही हात स्वतःच्या कानशिलांवर नेले. बोटं दुमडली आणि दाबली.

डावीकडून कड् झालं. उजवीकडूनही कड् झालं, जरा मोठं.

तो आवाज दीपिकाच्या ओळखीचा होता. प्रयोगशाळेत तिनं तो किती वेळा ऐकला होता, आणि दर वेळी काम पहिल्यापासून करावं लागलं होतं. आईचा हात धरायला तिनं हात पुढं केला.

केवळाबाईच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. जितकी बोटं वाजतील तितकी नजर उतरते, हे तिनं तिच्या आईकडून घेतलं होतं. ती आणखी जोरानं दाबत होती.

दीपिकानं हात खाली घेतला. मान थोडी पुढं केली.

कड्. कड्.

"ऐकलंस का गं?" केवळाबाईनं डोळे उघडले. कित्येक दिवसांनी तिचं तोंड उजळलं होतं. "उजवी बी वाजली! अवो, ऐकलं का तुमी? लय नजर लागली होती माझ्या मैनाला. आता बघते, उद्या तुझं काम कोण आडवतंय ते."

"हां माय," दीपिका म्हणाली, आणि आईच्या खांद्यावर पडलेले पांढऱ्या कांड्यांचे तुकडे तिला दिसायच्या आत मुठीत गोळा केले.