ओलं झाकण

रात्री भिजत घातलेली सुकी अळंबी शिहोनं पिळून काढली आणि तेच तपकिरी पाणी आधणाला ठेवलं. आधी अळंबीचे काप, मग पालेभाजीचे देठ, पानं अगदी शेवटी. गॅस बंद करूनच तिनं पळीत मिसो, आंबवलेल्या सोयाबीनचा खारट गोळा, कालवून सोडलं. उकळलेल्या मिसोचा वास सासूबाईंना अंगणातूनही लागतो.

खिडकीशी नवऱ्याचं, काझुमाचं ताट मांडलेलं होतं. त्याची बोट नऊ दिवस वायरलेसवर आली नव्हती. माणूस समुद्रावर असला की घरी त्याचं पान वाढायचं, साराच्या वाटीवर झाकण ठेवायचं. उचलताना आतून थेंब दिसले की माणूस सुखरूप. आजवर रोज दिसले होते.

तिनं वाटीत सार वाढलं आणि फोन वाजला. वाटीवर झाकण न ठेवताच, पाठीवरच्या तान्ह्या बाळासकट ती धावली.

"वहिनी, रॉकेल आज टाकू की उद्या? थंडी वाढणारेय म्हणे. आणि... बोटीचं काही?"

"नाही अजून."

रॉकेलवाला बिचारा धीर देत राहिला. मध्येच फोन ठेवणं तिला जमेना.

परत आली तोवर वाटीतली वाफ विरली होती. पातेलंही निवलेलं. तिनं घाईनं झाकण ठेवलं, तोच सासूबाई, तोमिए, आत आल्या.

"पालेभाजीचा लगदा नाही ना केलास कालच्यासारखा?"

"तुम्हीच बघा, आई."

"बघते. आधी ह्यांना उदबत्ती लावू दे."

देव्हाऱ्यात सासऱ्यांचा फोटो होता, बोटीवरच्या टोपीतला. तोमिए पाठमोऱ्या बसल्या. शिहोनं झाकण उचललं. कोरडं ठक्क. तिनं ते तोंडाशी नेलं आणि श्वास सोडला. एकदा. पुन्हा एकदा. मग हळूच ठेवून दिलं.

तोमिए आल्या. ताटापाशी गुडघे टेकून त्यांनी एका हातानं झाकण उचललं, दुसऱ्या हातानं वाटी धरली. वाटी गार होती. झाकणाच्या आतली श्वासाची धुरकट साय त्यांच्या डोळ्यांदेखत विरत चालली होती.

शिहो पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. पाठीवर बाळ कुरकुरलं.

"ओलंय गं," तोमिए म्हणाल्या. "ह्यांची बोट आली नव्हती तेव्हा ह्यांचंही रोज ओलं असायचं. अकरा महिने. एक दिवस चुकला नाही."

त्यांनी झाकण तोंडाशी नेलं, आत एक लांब श्वास सोडला आणि वाटीवर ठेवून दिलं.