पाण्यात दोष नाही

फिशटँकवाल्याने तिसऱ्यांदा पाणी तपासलं. मीठ बरोबर होतं, अमोनिया शून्य.

"वहिनी, पाण्यात काहीच दोष नाही."

"मग रोज एक मासा मरतो कसा?"

सकाळी मेलेला मासा त्याने तळहातावर घेतला. त्याचं तोंड ठेचलेलं होतं.

"हा आजाराने नाही मेला. घाबरून काचेवर आदळलाय. घरात नवीन कोणी आलंय का? मांजर वगैरे?"

"नवीन कोण येणार? आठवड्यापूर्वी हे आले दवाखान्यातून, तेवढंच."

यमाच्या दारातून परत आले, असंच सगळे म्हणत होते. हे समुद्री मासे अकरा वर्षं त्यांनीच पोसले होते. त्यांच्या बोटांतून मासे खाऊ खायचे.

आतल्या खोलीचं दार उघडलं. उरलेले दोन्ही मासे झटकन पलीकडच्या कोपऱ्यात गेले आणि काचेला चिकटून थरथरू लागले.

तिचा नवरा दारात उभा राहून हसला. "काय म्हणतंय पाणी?" आवाज अगदी त्याचाच होता.

"उत्तम आहे, साहेब," म्हणत फिशटँकवाला बॅग आवरू लागला.

तिने त्याची बाही घट्ट धरली.

"दादा, जाऊ नका. अजून एकदा तपासा ना."