सत्तर सालचं कुलूप

निशांत स्टुलावर चढून हॉलमधला कॅमेरा काढत होता. जाईने खालून स्टूल धरलं होतं.

"सोमवारी सगळ्या यंत्रांची तारीख मागे जाणार," तो वरून म्हणाला. "त्यांना वाटणार एकोणीसशे सत्तर साल चालू आहे. लिफ्ट, पंप, बँका, सगळं बोंबलणार. आणि कॅमेरे घरातले व्हिडिओ भलत्यालाच पाठवणार."

सोसायटीच्या ग्रुपवर तसा मेसेज आला होता. उलव्यातल्या या टॉवरमध्ये निम्मे भाडेकरू, ग्रुपवर नुसते नंबरच नंबर. मेसेज कुणी टाकला हे बघायला कुणाला वेळ नव्हता. बऱ्याच जणांनी हसून सोडून दिला. निशांतने ड्रम आणला, मेणबत्त्या आणल्या, रॉकेलचा स्टोव्ह कुठे मिळतो याची चौकशी केली.

"अहो, पण सत्तर साली तुमचा जन्म तरी झाला होता का?" जाईने विचारलं.

"नाही. का?"

"मग दाराचं कुलूप तुमचं बोट ओळखणार कसं?"

निशांत स्टुलावरून हळूच खाली उतरला. त्याचा चेहरा उतरला होता.

ते कुलूप म्हणजे त्याचा जीव की प्राण. आई बाथरूममध्ये पाय घसरून पडली, तेव्हापासून त्याने घरावर पहारा बसवला होता. दार उघडलं की ऑफिसात त्याचा फोन वाजायचा. "आई, कुठे निघालीस?" "जाई, रिकाम्या खोलीत पंखा का चालू आहे?" तो काळजीनेच विचारायचा. पण दिवसातून इतक्या वेळा विचारायचा की दोघी स्वयंपाकघरात कुजबुजत बोलायला शिकल्या होत्या.

त्याच्या आईला, सत्यभामाला, एका ठिकाणी तर जायचीच बंदी होती. करावे गावात तिची धाकटी बहीण चंदा अंथरुणाला खिळली होती. जुन्या घराच्या जागेवरून निशांतचं मावशीच्या मुलांशी वाजलं होतं. "त्या घराची पायरी चढायची नाही," असं त्याने आईला बजावलं होतं. सत्यभामा वाद घालत बसली नाही. ती फक्त चंदाच्या तब्येतीची कुणी बातमी आणली की जेवताना घास अर्धा ठेवून उठायची.

निशांतने त्याच दिवशी कुलूप काढलं आणि साधं पितळी कुलूप बसवलं. एक किल्ली जाईला दिली, दुसरी दाराजवळच्या खिळ्याला टांगली.

सोमवारी सकाळी तो रजा टाकून कमिटीच्या लोकांबरोबर पंपरूममध्ये जाऊन बसला. गळ्यात शिट्टी अडकवली होती. जाईनेही पर्स उचलली.

"आई, मी बाजारात जातेय. उशीर होईल. खाली मागच्या गेटला रिक्षा मिळतात," ती म्हणाली आणि गेली.

सत्यभामा खिळ्याकडे बघत राहिली. मग तिने लुगड्याचा ओचा सारखा केला, किल्ली कनवटीला लावली आणि जिना धरला. लिफ्टवर तिचा तसाही विश्वास नव्हता. मागच्या गेटला रिक्षा उभी होती.

चंदाने आधी तिला ओळखलंच नाही. मग हात पुढे केला.

"आलीस गो बाय? सोरली तुला पोरानी?"

"त्याचं कुलूप इसारलंय मना," सत्यभामा म्हणाली आणि बहिणीच्या उशाशी बसली. चंदाचा हात नुसता काटक्यांसारखा झाला होता. मग दोघी इतक्या बोलल्या की चंदाच्या सुनेने चहा दोनदा गरम केला. निघताना चंदाने बळेबळेच सुकटीची पिशवी तिच्या हातात कोंबली.

सत्यभामा परतली तेव्हा दारात जाई उभी. पिशवी पाठीमागे लपवायला उशीर झाला होता. वास तर आधीच पोचला होता.

"मी जरा खालती..." सत्यभामा चाचरली.

"मावशी कशा आहेत?" जाईने विचारलं.

सत्यभामाचे डोळे भरून आले. "माझी वाट बघत होती गो."

जाईने पिशवी तिच्या हातातून घेतली आणि आत नेऊन ठेवली.

संध्याकाळी निशांत वर आला तो छाती फुगवून. लिफ्ट चालू, पंप चालू, बँकाही उघड्या. "आपण तयारीत होतो, म्हणून निभावलं," तो म्हणाला. मग नाक वर करून त्याने हुंगलं. "सुकट? ही कुठून आली?"

"तयारीच ती. सुकट काय, महिनोन्महिने टिकते. वीज नको की फ्रीज नको," जाई म्हणाली.

हे त्याला मनापासून पटलं. दोनदा वाढून घेऊन तो जेवला, ढेकर दिला आणि कपाटातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. "चला, संकट टळलं. कुलूप परत बसवून टाकतो. कॅमेरा उद्या."

सत्यभामाचा घास हातातच राहिला.

"अहो, थांबा," ओट्याशी उभी असलेली जाई म्हणाली. "टळलं कुठे? आजची तारीख चुकली होती म्हणे. खरी तारीख पुढेच आहे. दर सोमवारी धोका आहे, असं आलंय ग्रुपवर."

निशांतने घाईघाईने फोन काढला. वर सरकवला, खाली सरकवला.

"कुठे? मला तर काहीच आलेलं नाही."

"येईल," जाई म्हणाली आणि त्याच्याकडे पाठ करून पिठाच्या डब्यामागचा जुना फोन काढून भराभर टाइप करू लागली.