पहिला चीक

“हात नका लावू त्याले!” उर्वशी ओरडली.

सत्यवतीबाईंचं मधात बुडवलेलं बोट नातवाच्या ओठांजवळ थबकलं. लाखनीच्या दवाखान्यातल्या सगळ्या बाळंतिणी वळून बघू लागल्या. खाटेवर रिकामी वाटी होती. सुनेचं पहिलं पिवळं, चिकट दूध, म्हणजे चीक, तिच्यात पिळून फेकायचं होतं.

“खराब दूध हाये ते. तीन दिवस मध-पाणी चाटव, मंग पाज. आमच्या घरी असंच होते.”

“होत असंन. माह्या लेकरासंग नाही होऊ देत मी!”

गलका ऐकून नर्स आली. तिनं समजावलं, की या लेकराच्या अंगाला अजून रोगजंतूंशी नीट लढता येत नाही. आईच्या अंगानं आजवर जे आजार परतवले, त्यांच्याशी लढण्याची ताकद याच घट्ट दुधातून त्याला मिळते. ते फेकलं, की लेकरू उघडं पडतं.

“मले नको शिकवू!” सत्यवतीबाई कडाडल्या. “चार बाळंतपणं निपटली माही.”

“अन् वाचलं किती?”

उर्वशीच्या तोंडून निघून गेलं. उर्वशीच्या नवऱ्याच्या, कवडूच्या आधी सत्यवतीबाईंची तीन लेकरं गेली होती. कुणाला ताप, कुणाला जुलाब. एकही महिन्याचं झालं नाही. गावात कुणी तो विषय त्यांच्यासमोर काढत नसे.

कवडू दारातून तरातरा आत आला. “आईची माफी माग.”

“नाही मागत.” उर्वशीनं वाटी भिरकावली. बाळाला उचलून छातीशी धरलं. बाळ चाचपडलं, मग त्यानं दूध धरलं. त्याचा पहिला घोट ऐकू आला.

“चाल आई, घरी चाल,” कवडू म्हणाला. “हिचं हिले पाहू दे.”

सत्यवतीबाई हलल्या नाहीत. त्या बाळाच्या गळ्याकडे बघत होत्या.

“तू बांधावर झालता,” त्या एकदम कवडूला म्हणाल्या. “धानाचा रोवणा चालू होता, चिखलात रोपं लावत होती मी. जवळ कोणीच नोतं. तू रडाले लागला, तं मी तसंच तुले पाजलं.”

“मंग?”

“घरी आली तं सासूनं झिंज्या धरल्या माह्या. चीक काहून पाजला म्हणून. मी रोज भेत होती, का आता तूही मरशीन.”

त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. आवाज चढला, पण तो सुनेवर नव्हता. त्यांनी मधाची बाटली कोपऱ्यातल्या बादलीत आपटली. काच फुटली.

“बाकीचे तिघं घरी झालते, कवडू.”