ड्वेनची पाटी

लोर्नानं शेवटचा स्क्रू सोडवला आणि बोटीच्या केबिनमधली छताची फळी भिजलेल्या बिस्किटासारखी तिच्या मांडीवर पडली.

तिनं एक कचकचीत शिवी हासडली. तीही मोठ्यांदा, कारण बाहेर ऐकणारे होतेच.

बाहेर क्लेटन होता, शेजारच्या बोटीचा मालक. बर्फ वितळल्यापासून त्यानं स्वतःच्या बोटीला ब्रश लावला नव्हता. पण ह्युरॉन सरोवराच्या काठावरच्या त्या बोटींच्या आवारात, बोट पाण्याबाहेर ठोकळ्यांवर उभी दिसली की शिडी चढायची, आत डोकावायचं आणि न विचारता सल्ला द्यायचा, हा रिवाजच होता. क्लेटन तो मनापासून पाळायचा.

"मी म्हटलंच होतं," तो शिडीवरून म्हणाला. "वरची खिडकी गळते म्हटल्यावर फळी कुजणारच. आणि बाई गं, हे एकटीचं काम नाही. एकानं फळी वर दाबून धरायची, दुसऱ्यानं स्क्रू पिळायचे. चार हात लागतात, चार!"

"दोन तुझ्याकडे आहेत ना? ये की आत."

"माझी कंबर..." म्हणत क्लेटन दोन पायऱ्या खाली उतरला.

खाली ड्वेन, लोर्नाचा नवरा, खुर्ची टाकून बसला होता. त्यानं सगळं ऐकलं. केबिनच्या छताचं अस्तर सुटून खाली लोंबायला लागलं त्याला कित्येक वर्षं झाली होती. पलंगावर झोपलं की कापड नाकावर यायचं आणि कुजलेल्या फोमची पिवळी भुकटी तोंडात पडायची. 'यंदा बदलतो,' असं ड्वेन दरवर्षी म्हणायचा. यंदा हिवाळ्यात त्याचा खांदाच गेला. उजवा हात छातीच्या वर जाईना. मग त्यानं डाव्या हातानं एका फळीवर लाल रंगात 'विकणे आहे' असं लिहिलं आणि रस्त्यावरून दिसावी म्हणून ती भलीमोठी पाटी बोटीच्या पुढच्या कठड्याला बांधली. ती वाचून एक गिऱ्हाईक भेटून गेलं होतं आणि आज दुपारी पुन्हा येणार होतं.

लोर्नाला बोट विकायची नव्हती. तिचे सगळे उन्हाळे या बोटीवर गेले होते. भांडून भांडून तिनं नवऱ्याकडून एवढंच कबूल करून घेतलं होतं, की तो माणूस यायच्या आत छत लागलं तर बोट राहील.

बाकीचं छत लागलं होतं. तिनं जुना फोम खरवडून काढला होता आणि पांढरंशुभ्र अस्तर चिकटवलं होतं. राहिला होता तो पलंगावरचा एवढा तुकडा. आणि आता फळीच नाही. त्यात रविवार, गावातलं दुकान बंद.

"राहू दे, लोर्ना," ड्वेन खालून म्हणाला. "आपलं वय झालं."

"तुझं झालं असेल! गाडीतून हवेची गादी घेऊन ये. पायाचा पंपही आण."

"झोपतेस की काय आता?"

"आण म्हटलं ना!"

ड्वेन पाय ओढत गाडीकडे गेला. लोर्ना पुढच्या डेकवर आली आणि कठड्याशी कमरेवर हात ठेवून जराशी उभी राहिली. मग तिनं करवत उचलली. क्लेटनला वाटलं, बाई आता बोटच कापते की काय! तो काही बोलणार तोच तिनं ओठांवर बोट ठेवलं. आणि आश्चर्य म्हणजे तो गप्प बसला.

ड्वेन परतला तेव्हा पलंगावर अस्तर चढवलेली नवी फळी तयार होती. केबिनभर गोंदाचा वास होता.

"ही कुठून आणलीस?"

"देवानं दिली. गादी फळीखाली सरकव आणि पंपावर पाय मार. पाय तरी धड आहेत ना?"

ड्वेन पाय मारायला लागला. गादी फुगली. तिच्यासोबत फळी हळूहळू वर चढली आणि छताला जाऊन भिडली.

"अजून!" लोर्ना ओरडली आणि तिनं पहिला स्क्रू पिळला.

"डावा कोपरा बघ, डावा!" ड्वेन ओरडला. किती दिवसांनी त्याच्या आवाजात जोर आला होता! घामानं निथळत होता, पण पाय थांबत नव्हता.

सगळे स्क्रू बसल्यावर लोर्नानं गादीची हवा सोडली. गादी खाली बसली. फळी जिथल्या तिथे.

"टिकायची नाही हं," क्लेटन दारातून म्हणाला. लोर्नानं छतावर एक गुद्दा हाणला. भुकटीचा कणही पडला नाही.

ड्वेन पलंगावर आडवा झाला. नाकावर काही नव्हतं. त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

"नमस्कार!" खालून आवाज आला. गिऱ्हाईक! "गेल्या रविवारी येऊन गेलो होतो. बोट विकायची आहे ना?"

ड्वेन डोळे पुसत बाहेर आला. सवयीनं त्याची नजर पुढच्या कठड्याकडे गेली. तिथे नुसते दोरीचे दोन तुकडे लोंबत होते. त्यानं बायकोकडे पाहिलं. तिच्या पांढऱ्या केसांत लाल भुसा अडकला होता. तिनं अंगठ्यानं मागे केबिनकडे खूण केली, मग छताकडे.

ड्वेनला उलगडा झाला. स्वतःच्याच पायानं त्यानं ती वर चढवली होती! तो असा हसत सुटला की शिडी हलायला लागली आणि तिच्यावर उभ्या क्लेटनला ती दोन्ही हातांनी धरावी लागली.

"विकायची?" हसू आवरत ड्वेन त्या माणसाला म्हणाला. "का हो, पाटी दिसतेय का तुम्हाला कुठे?"